झऱ्याला लावलेलं लोखंड

शाळेतले गुरुजी दरवर्षी झेंडावंदनाला बोलावतात आणि म्हणतात, लढाईचं काहीतरी सांगा. मी नऊ वर्षं फौजेत काढली, पण त्यातली लढाई पाच महिन्यांची. बाकीचा सगळा काळ मी पाणी शोधलं. हे ऐकलं की पोरांचे चेहरे पडतात. पडू देत. मला जे ठाऊक आहे तेच मी सांगणार, आणि आजवर जे सांगितलं नाही तेही सांगणार.

मी सॅपर कंपनीच्या, म्हणजे रस्ते, सुरुंग, पाणी बघणाऱ्या कंपनीच्या, वॉटर सेक्शनमध्ये नाईक होतो. पलटण निघायच्या दोन दिवस आधी आमची तुकडी पुढं जायची. झरा सापडला की पाणी आधी डोळ्यांनी बघायचं, मग नाकानं, मग एक थेंब जिभेवर. वरच्या अंगाला मेलेलं जनावर नाही, हागणदारी नाही, हे फिरून बघायचं. मग चार गॅलनचा डबा धारेखाली धरायचा आणि घड्याळ बघायचं. डबा भरायला किती मिनिटं लागली त्यावरून तासाचं पाणी, तासावरून दिवसाचं. शेवटी पाटी ठोकायची. माझ्या जिभेवर आणि माझ्या घड्याळावर सहाशे माणसं चालायची. याचा मला माज होता, आणि तो बाहीवरच्या दोन फितींपेक्षा मोठा होता.

ब्रह्मदेशात जायच्या आधीचा उन्हाळा. पलटण सोलापूरहून निघून निजामाच्या मुलखातून चालत सराव करणार होती. तुळजापूरच्या बाजूच्या डोंगरात तिसरा मुक्काम होता. कागदावर त्याचं नाव वॉटर पॉइंट थ्री. तिथं दिवसाला दोन हजार गॅलन पाणी शोधायचा हुकूम होता. तुकडीत माणसं मोजकी. लेफ्टनंट साहेब, विलायतेचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. सॅपर धोंडिबा, साताऱ्याकडचा, सुरुंगाच्या कामात कंपनीत त्याच्यासारखा दुसरा नव्हता. एक वायरलेसवाला आणि पाच खेचरं घेऊन दोन खेचरवाले. साहेबाला मोडकंतोडकं हिंदुस्थानी यायचं, मराठी अजिबात नाही. मी माकणीकडचा. त्यामुळं गावकऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडं.

दुपारी साडेतीनला आम्ही एका वस्तीवर पोचलो. तेवीस घरं. तिचं नाव आता कुठल्याच कागदात नाही. शिदाप्पा नावाचे सत्तरीचे गृहस्थ पुढं आले. गळ्यात लिंग, अंगात मांजरपाटाची बंडी, हातात खाचा पाडलेली काठी. मी पाणी विचारलं.

"हाय की. चला दावतो."

त्यांनी ओढ्याच्या वाकणात एक डबकं दाखवलं. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. आमच्या भागात बारमाही पाण्याशेजारी साती आसरा, पाण्याच्या देवी, मांडतात. आसरा दिसल्या की पाणी आटणार नाही हे लहान पोरही सांगतं. साहेबाला मी तसं सांगितलंही. मग माझं लक्ष दगडांच्या बुडाकडं गेलं. बुडाला ओलं शेवाळ होतं आणि दगडांखाली दबलेलं गवत अजून पिवळंही पडलेलं नव्हतं. एक दगड उचलला. खाली कोरडी माती. दगड त्याच सकाळी कुठून तरी आणून मांडले होते.

"आप्पा, देवाला कुठून उठवून आणलंत?"

 म्हाताऱ्याच्या मागं उभी असलेली त्याची सून, नागव्वा, तिनं पदर तोंडाशी धरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला, पाण्याच्या माणसाला, माझ्याच मुलखातले लोक चकवतात म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बायकांच्या पायवाटेनं निघालो. घागरी घेऊन जाणारी वाट लपवता येत नाही. पाऊण मैलावर, कड्याच्या पायथ्याशी, काळ्या दगडाच्या कपारीतून पाणी येत होतं. खाली हातभर खोल दगडी कुंड. पाणी थंड, गोड, वास नाही. कडेला सात दगडांच्या सात खळग्या तशाच ओल्या होत्या.

डबा भरायला चार मिनिटं लागली. तासाला साठ गॅलन, दिवसाला साडेचौदाशेला थोडं कमी. वैशाखात असा झरा म्हणजे सोनं, पण हुकूम दोन हजारांचा होता.

तोवर शिदाप्पा मागून आले. त्यांनी काठी कुंडात उभी केली, पाणी कितव्या खाचेला आहे ते बघितलं. रोज पहाटे ते असंच बघत आणि त्यावरून त्या दिवशी घरटी किती घागरी ते ठरवत. त्या दिवसांत घरटी दोन चालू होत्या. उरेल ते जनावरांना. चार कोसांत दुसरं पिण्याजोगं पाणी नव्हतं.

"कुठल्या गावचे तुमी?" त्यांनी विचारलं.

"माकणीकडचा."

"मग आपलेच की. आपल्या माणसाशी खोटं बोललो, चुकलो. पर लष्कर पाणी घेतंय म्हणजे काय करतंय, ते काय आमाला ठावं न्हाय. भ्यालो."

साडेआठला साहेब आला. त्यानं माझी वही बघितली आणि विचारलं, "नाईक, पानी बढ़ सकता?"

आता इथं नीट सांगतो. कपार अरुंद होती. सुरुंगानं तोंड मोठं केलं तर धार वाढेल असं मला वाटलं, आणि धोंडिबालाही वाटलं. मी म्हणालो, "यस सर." सुरुंगाचं नाव काढताच शिदाप्पांच्या ध्यानात आलं. ते मला बाजूला घेऊन गेले नाहीत. सगळ्यांसमोर, सावकाश, एक एक गोष्ट समजावून बोलले.

"झऱ्याला लोखंड लावू नगा. आमी हितं पहार सोडा, विळासुदिक आणत न्हाय. गाळ काढायचा तो हातानं. ह्या काळ्या दगडाच्या बुडाला तांबडा थर हाय, गेरूवानी. पाणी त्याच्यावर बसतंय, परातीत बसल्यावानी. परात फुटली की पाणी पोटात जातंय. पलीकडच्या घळीत असाच झरा हुता. माझ्या बापाच्या टायमाला एकानं पहार घातली. एका दिसात गेला. बगायचं तर चला, दावतो. तुमाला पाणी कमी पडतंय ना? मग दोन दिस सगळं घ्या. आमी भरून ठेवलंय त्याच्यावर काढू. तुमची निम्मी खेचरं तेरणेवर न्या. पर लोखंड नगं."

यात देवाचं नाव एकदाही नव्हतं. होती ती सगळी पाण्याची माहिती, माझ्या वहीत असायला हवी होती तशी. तांबडा थर मी स्वतः बघितला होता, कुंडाच्या बुडाशी, बोटभर. पलटणीची निम्मी खेचरं तेरणा नदीवर नेणं सहज शक्य होतं.

साहेबानं विचारलं, "बुढ्ढा क्या बोलता?"

मी म्हणालो, "साब, बोलता है देव गुस्सा होगा."

साहेब हसला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "देव को हमारा सलाम बोलो. काम शुरू करो."

मी असं का केलं? आदल्या दिवशी चकवलं त्याचा राग होता. वॉटर पॉइंट वाढवला तर तिसरी फीत, म्हणजे हवालदारकी, मिळेल ही हाव होती. आणि एका अडाणी म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे साहेबासमोर कबूल करायची लाज होती. तिन्ही कारणं खरी आहेत. एकाही कारणानं मला आज बरं वाटत नाही.

धोंडिबानं सगळं ऐकलं होतं. तो जवळ येऊन हळू बोलला.

"नाईक, म्हातारा तसं बोलला न्हाई."

"जंपर उचल."

"एकदा सायबाला..."

"सॅपर, जंपर उचल."

त्यानं तो सुरुंगाची भोकं पाडायचा लोखंडी दांडा उचलला. साडेअकराला सुरुंग उडाला. धूर गेल्यावर बघितलं तर कपार माणूस उभा राहील एवढी झाली होती आणि पाणी भळाभळा येत होतं. डबा दोन मिनिटांत भरला. साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. बारा वाजता वायरलेसवर निरोप गेला: "वॉटर पॉइंट थ्री. यील्ड डबल. सोर्स गुड. ओव्हर." पलीकडून आलं: "रॉजर. कॉलम उद्या बारा वाजता. आउट." पखालींतलं कालचं औषध मारलेलं पाणी शिळं झालं म्हणून मी ओतून द्यायला लावलं, नवं सकाळी निवळल्यावर भरायचं होतं. शिदाप्पा कुंडाशी बसून होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं आणि परत सोडलं. ते तांबडं होतं.

पाच वाजता डबा भरायला पाच मिनिटं लागली. साहेबाला मी म्हणालो, गाळ आडवा आला असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कुंड कोरडं होतं, पाव तास डबा धरून बसलो तरी बूड जेमतेम भिजलं. वायरलेस डोंगराआड लागेना. पलटण रस्त्याला लागली होती.

मग मी दुसरा हुकूम दिला. पाणी खाली गेलंय तर खाली जाऊन गाठायचं. धोंडिबा फटीत उतरला आणि पहारीनं तांबडा थर उकरू लागला. वरचा दगड सुरुंगानं हललेला होता, त्याला टेकू द्यायला हवा होता. टेकूसाठी लाकूड वस्तीतून आणायला अर्धा तास गेला असता. मी म्हणालो, नंतर बघू. नऊ चाळीसला शिळा घसरली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही.

तो कमरेपासून खाली दबला होता. आम्ही पाच जण आणि वस्तीतले दहा-बारा, सगळ्यांनी पहारी लावल्या, पण शिळा हलली नाही. तो शुद्धीवर होता.

"नाईक, पाणी."

माझी बाटली रिकामी होती. साहेबाची रिकामी. पखाली मी ओतायला लावल्या होत्या. झऱ्याशी बसून आमच्याकडं घोटभर पाणी नव्हतं. शिदाप्पांनी नागव्वाला वस्तीत पिटाळलं. ती धावत जाऊन तांब्या घेऊन आली. शिदाप्पा म्हणाले, "घरातलं येवढंच ऱ्हायलंय. पाजा त्याला." मी हात पुढं केला. पण धोंडिबानं माझ्या हातचं घेतलं नाही, तोंड फिरवलं. मग शिदाप्पांनीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाजलं. त्यानं निम्मं पिऊन ओठ मिटले आणि खुणेनं सांगितलं, बाकीचं ठेवा. दहा वीसला तो गेला.

बाराला पलटण आली आणि पाणी नाही म्हणून उन्हात अकरा मैल पुढं तेरणेवर गेली. पलटणीतल्या माणसांनी शिळा हटवून धोंडिबाला बाहेर काढलं आणि आम्ही त्याला तिथंच अग्नी दिला. चौकशी बसली. साहेब उभा राहिला आणि म्हणाला, सुरुंगाचा हुकूम माझा होता, नाईकानं फक्त तो पाळला. कागदावर आलं: दगडाच्या जातीमुळं सोर्स बंद पडला, एक सॅपर अपघातात मृत. त्याच वर्षी मला तिसरी फीत मिळाली. साहेबाच्या बढतीला खो बसला. तो मला एका शब्दानं बोलला नाही. ब्रह्मदेशात एका ओढ्याचं पाणी बघायला तो माझ्या वीस पावलं पुढं गेला. झाडीतून मशीनगन सुरू झाली. मी आडवा पडलो, तो पडला तो उठलाच नाही.

सुटून घरी आलो तेव्हा अजून निजामाचंच राज्य होतं. बैल बघायला अणदूरला गेलो होतो. ज्यांच्या दारात बैल होता त्या घरातली बाई पाणी घेऊन बाहेर आली आणि मला बघून थांबली. नागव्वा होती. वस्ती चौथ्या दिवशीच उठली, तिनं सांगितलं. जो तो नातेवाइकांकडं पांगला. मामंजी मात्र उठायला तयार नव्हते. म्हणत होते, चिकणमातीनं थर लिंपला तर पाणी पुन्हा वर बसंल. त्यांच्यासाठी तेरणेवरून आणलेल्या दोन घागरी ठेवून लेकरं घेऊन ही माणसं निघाली, पाण्याची सोय लावून परत येतो म्हणून. यायला नऊ दिवस लागले. म्हातारा फटीच्या तोंडाशी पडलेला सापडला. दोन्ही हात कोपरापर्यंत तांबड्या मातीनं माखलेले होते. घागरींतलं पाणी त्यानं माती कालवायला वापरलं होतं.

मग तिनं मला विचारलं, "तुमी तर सगळं सायबाला सांगितलं आसंल. मग त्यानं का ऐकलं न्हाय?"

तांब्या माझ्या हातात होता. मी म्हणालो, "गोरा माणूस, वहिनी. आपलं कुठं ऐकतो."

"किडं पडून मरंल त्यो," ती म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी गुळाचा खडा घेऊन आली. मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो आणि बैल न घेताच परत फिरलो.

सॅपर धोंडिबाचं नाव फौजेच्या डेपोतल्या स्मारकाच्या दगडावर कोरलेलं आहे, मी दोनदा जाऊन बघून आलो. शिदाप्पांचं नाव कुठंही नाही. साहेबाचं ब्रह्मदेशात एका लाकडी क्रॉसवर होतं, मीच रंगानं लिहिलं होतं, एव्हाना ते कुजलं असेल. नागव्वा गेली त्याला सहा वर्षं झाली. मरेपर्यंत ती त्या साहेबाला शिव्या देत होती असं तिच्या मुलानं मला सांगितलं. त्या शिव्या माझ्या होत्या. साहेबाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.