तेराव्याला गुलाबी झालेला हौद

हसायचं असेल तर खुशाल हसा, मी अडवणार नाही. मी माणूस तसा वाईट नाही हो. फक्त पाण्याचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. आणि आमच्या संभाजीनगरात पाण्याचा विषय निघत नाही असा दिवस कुठला, ते तुम्हीच सांगा.

आमच्याकडे नळ आठवड्याने येतो. आला तर. त्यामुळे अंगणातला जमिनीखालचा हौद हीच आमची खरी इस्टेट. आमचा हौद आणि शेजारच्या खंडूतात्यांचा हौद कंपाउंडच्या अल्याड-पल्याड, पाठीला पाठ लावून बांधलेले. आम्ही घरात सहा जण. तिकडे तात्या आणि गयाकाकू, दोघंच. तरी आमचं पाणी आठवडाभर पुरायचं. काटकसर शिकायची तर आमच्या घरी या, असं मी गल्लीभर सांगत फिरायचो.

मग गयाकाकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. भिंतीवरून भाजीची वाटी पुढे करणारा हात गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण नेमका त्याच दिवसांत आमचा हौद झपाट्याने खाली जायला लागला, आणि माझं सगळं दुःख हौदाकडे वळलं. मन किती हलकट असतं बघा.

मी सगळे नळ तपासले. वॉशर बदलले. संडासातल्या टाकीला कान लावून बसलो. कुठे थेंब गळत नव्हता. तिकडे तात्यांकडे मात्र पाहुण्यांचा गोतावळा, आणि बादल्यांवर बादल्या उपसणं चाललेलं.

"पाहुण्यांपैकी कुणीतरी आपल्या हौदात पाईप सोडलाय," मी बायकोला म्हणालो.

"दुखवट्याच्या घरात चोर शोधता? लाज वाटू द्या जरा."

"चोराला दुखवटा नसतो," मी म्हणालो. तेव्हा हे वाक्य मला फार हुशारीचं वाटलं होतं.

माळ्यावर रंगपंचमीच्या उरलेल्या गुलाबी रंगाच्या दोन पुड्या पडून होत्या. वापरायचं पाणी बाजूला भरून घेतलं आणि दोन्ही पुड्या हौदात रिकाम्या केल्या. पाणी जिथे निघेल तिथे रंग निघेल, साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी काकूंचा तेरावा. मी टोपी घालून, चेहरा पाडून तात्यांच्या अंगणात जाऊन बसलो. तात्यांची थोरली बहीण, आक्का, खुलताबादहून आलेली. तिने तात्यांच्या हौदात बादली सोडली आणि वर ओढली. पाणी गुलाबी.

सापडला, मी मनात म्हणालो. पण तोंड उघडणार तोच आक्कांनी बादलीला हात जोडले.

"गयाबाई सवाष्ण गेली रं, खंडू. कुंकवानं पाणी रंगवून गेली बघ."

झालं. बाया धावल्या. हौदाच्या तोंडावर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लागली. "तुमी शेजारी, तुमी आधी पाया पडा," असं म्हणून मला पुढे ढकललं. मी पडलो पाया. माझ्याच रंगाच्या! तात्या इतके दिवस दगडासारखे बसले होते, ते उठले, बादलीत हात घालून म्हणाले, "आलीस व्हय?" आणि ढसाढसा रडले. गप्प बसावं, त्या माणसाला तेवढा तरी आधार राहू द्यावा, असं ठरवून टाकलं.

तर आक्कांनी तीर्थ म्हणून ओंजळ भरली.

"पिऊ नका, आक्का! रंगपंचमीचा रंग आहे तो. मीच टाकलाय, आमच्या हौदात."

"कशापायी?" आक्कांनी विचारलं.

"हौद कुठं गळतो ते बघायला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक पाहुणा बाह्या सावरत पुढे आला. "म्हंजी आमी पाणी चोरतो व्हय?"

तात्यांनी त्याला हाताने थांबवलं. डोळे पुसले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, पण ते शांतपणेच बोलले.

"दोन्ही हौदांच्या मधल्या भिंतीला लई दिसांपासून चीर हाय. ज्याचं पाणी खाली, त्याच्याकडं दुसऱ्याचं जातं. सदा तुमचंच खाली असायचं. आता पाव्हण्यांनी आमचं उपसलं, म्हनून तुमचं हिकडं आलं."

"मग चीर बुजवली का नाही?"

"मी गवंडी आणणार व्हतो. तिनं आणू दिला नाय. म्हनली, त्यांच्यात लेकरंबाळं हायती, आपुन दोघंच. जाऊ द्या की पाणी."

मी म्हणालो, "तात्या, माझ्या खर्चाने उद्याच बुजवून देतो."

"कशाला?" तात्या बादलीकडे बघत म्हणाले. "पाव्हणे आज जातील. मंग मी एकलाच. येवढं पाणी माझ्याच्यानं सरंल व्हय?"

मी घरी आलो. बायको दारातच उभी होती. "सापडला का चोर?"

"सापडले," मी म्हणालो. "सहा जण आहेत. म्होरक्या तुझ्यासमोर उभा आहे."