निकाल पाच वर्षांनी

कुणाबद्दलही बरं-वाईट बोललेलं कानावर पडलं की काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "आधी जागा सांगा."

आपण आपलं सहज म्हणावं, "नवा मॅनेजर अगदीच कुचकामी आहे हो," की चष्मा वर. "जागा सांग. त्याला माणसं सांभाळायला घेतलंय की बजेट? बजेटवाला असेल तर तुझ्याशी गोड बोलत नाही म्हणून मार्क कापू नकोस." मंडळाच्या गणपतीत कुणाचा आवाज फाटला आणि बायका हसल्या, तरी हेच. "जागा सांगा. आरतीला उभा आहे ना तो? आरतीला मोठा आवाज लागतो, गोड नाही." माणूस चांगला की वाईट, हा प्रश्नच त्यांना अर्धवट वाटायचा. असा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याशी बोलताना आपण वाक्य मनातल्या मनात एकदा तपासून घेतो.

ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स या उपनगरात आमच्या घरापासून दोन घरं सोडून ते राहायचे, आणि शहरात माझ्याच ऑफिसात होते. जाणं-येणं एकाच गाडीतून. सकाळी मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, त्यामुळे काकांचे विचार मी माझ्या बायकोच्या विचारांपेक्षा जास्त ऐकलेले आहेत, हे ती अधूनमधून मला ऐकवते.

हे 'जागा'प्रकरण आलं अमेरिकन फुटबॉलमधून. तरुणपणी कंपनीने त्यांना दोन-तीन वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं, तिथे हे वेड लागलं. मग न्यूझीलंडला आले. इथे रग्बी सोडून दुसऱ्या कशाचं नाव काढलं तर लोक काळजीने बघतात. ऑफिसातले किवी त्यांना चिडवायचे, हेल्मेट आणि उशा बांधून कसला रे तुमचा फुटबॉल! काका हसायचे. खरं सांगायचं तर खेळसुद्धा त्यांना फारसा आवडत नसावा. त्यांना आवडायची निवड. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांना दर वर्षी एप्रिलमध्ये मोठे संघ आळीपाळीने उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या वर्षी ज्याने सगळ्यात जास्त मार खाल्ला, त्या संघाला पहिली संधी. तिकडे गुरुवारची संध्याकाळ असते तेव्हा इथे न्यूझीलंडमध्ये शुक्रवारची दुपार. त्या शुक्रवारी काका अर्धी रजा टाकायचे, पण घरी जायचे नाहीत. मीटिंग रूम अडवून, भिंतीवरच्या पडद्यासमोर डबा उघडून बसायचे. भात कालवता कालवता निवड बघायची.

आणि संतापायचे. कारण पोराचं नाव पुकारलं रे पुकारलं की टीव्हीवरचे तज्ज्ञ त्याला 'ए', 'बी', 'सी' देऊन मोकळे. "अरे, अजून त्याने नवा शर्ट अंगात घातला नाही! याचा निकाल पाच वर्षांनी!" त्यांच्या लॅपटॉपवर स्वतःची प्रगतिपुस्तकं होती, पण ती नेहमी पाच वर्षांपूर्वीच्या मुलांची. तीसुद्धा जागेप्रमाणे वेगळी. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. हा उशिरा पिकतो, एक-दोन वर्षं कुणाच्या मागे बसून शिकला तर हरकत नाही. चेंडू घेऊन पळणारा लवकर चमकतो आणि लवकर मोडतो, त्याला लांबच्या वर्षांचा हिशोब लावायचा नाही. आणि पुढच्या फळीतले ते आडदांड गडी, ज्यांचं काम नुसतं समोरच्याला अडवणं, त्यांच्याविषयी बोलताना काकांचा आवाज मऊ व्हायचा. "ज्याचं नाव दिवसभरात एकदाही पुकारलं गेलं नाही ना, त्याचा दिवस चांगला गेला असं समज."

एका दिवाळीला फराळाच्या वेळी काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग आमची जागा कुठली हो, तुमच्या संघात?" काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "लेफ्ट टॅकल." एका भाच्याने तेवढ्यात फोनवर शोधून दीडशे किलोच्या एका लेफ्ट टॅकलचा फोटो दाखवला. काकूंनी चकलीचा डबा मिटला तो मिटलाच. दोन दिवसांनी म्हणे काकांनी समजावून सांगितलं, की चेंडू फेकणाऱ्याला डाव्या बाजूने मागून कोण येतंय ते दिसत नाही, त्याची पाठ सांभाळणारा माणूस तो. या खेळात सगळ्यात भरवशाचा लागतो. डबा उघडला. तरी पुढे कित्येक दिवस काकू वजनकाट्याकडे संशयाने बघत असत.

माझाही निकाल त्यांनी एकदा लावला होता. मी नवा असताना मला टीम लीड केलं आणि मी रोज घरी जाऊन डोकं धरून बसायचो. काका परस्पर साहेबांना सांगून आले, "मुलगा हुशार आहे, जागा चुकलीय. माणसांपुढून काढा आणि डेटाबेसपाशी बसवा." मला भयंकर राग आला. आठवडाभर त्यांच्या गाडीत गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनंतरही मी डेटाबेसपाशीच आहे आणि सुखाने झोपतो.

असा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मात्र चुकला. तेही बेपर्वाईने नव्हे, अगदी विचार करून चुकला.

सई त्यांची एकुलती एक. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. तिला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा काकांनी गल्लीत घरोघर पेढे दिले. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यालाही पेढा आणि शेजारच्या किवी म्हातारीलाही. तिसऱ्या वर्षाला सईने मेडिकल सोडलं. सुट्टीत झाडांची कामं करणाऱ्या टोळीबरोबर गेली होती, तेच आवडलं. दोर बांधून चढायचं, सुकलेल्या, धोक्याच्या फांद्या करवतीने उतरवायच्या. इथे त्याचं रीतसर शिक्षण असतं, अॅप्रेंटिसशिप असते. आपल्या मंडळींत मात्र बातमी पसरली ती अशी, की डॉक्टर व्हायची सोडून पोरगी लाकडं तोडते.

काका बाहेर तिच्या बाजूने ठाम उभे राहिले, हे आधी सांगतो. मंडळाच्या पिकनिकला एक बाई चुकचुकत म्हणाल्या, "केवढी सीट वाया गेली!" काकांनी चष्मा वर केला. "वाया गेली की नाही, ते पाच वर्षांनी ठरेल." मला तेव्हा काकांचं फार कौतुक वाटलं होतं.

पण घरातही ते तेच बोलत. सईने पहिली परीक्षा पास केली, "छान. बघू." झाडावर चढण्याच्या स्पर्धेत ती पहिली आली, करंडक घेऊन घरी आली, तर काकांनी तो हातात घेऊन, वळवून बघितला आणि म्हणाले, "मस्त. पाच वर्षं होऊ देत, मग बोलू." सई म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू ग्रेड मी." आणि करंडक परत आपल्या बॅगेत घातला. हळूहळू तिचं घरी येणं कमी झालं. ती शहराच्या पश्चिमेकडे मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायला लागली. काकू एकदा आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तिला वाटतं, बाबांच्या मनात आपण अजून नापासच आहोत. परीक्षेला बसल्यासारखं कोण येईल रे घरी?"

एकदा गाडीत मी धीर करून म्हटलं, "काका, सई काही ड्राफ्टमधली नाही."

ते पुढच्या ट्रकच्या मागच्या पाटीवर नजर लावून बसले. मग म्हणाले, "मेडिकलच्या वेळी मी पहिल्याच दिवशी निकाल लावला. पेढे वाटले. तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं की हे आपलं नाही. पण बाबांनी पेढे वाटलेत म्हणून पोरगी दोन वर्षं तोंड मिटून कुढत राहिली. आता शाबास म्हटलं आणि उद्या तिला हेही सोडावंसं वाटलं, तर? पुन्हा माझ्या शाबासकीत अडकायची. त्यापेक्षा मी थांबतो."

माणूस मुलीला मोकळं ठेवायला गप्प बसला होता आणि मुलीला ती शिक्षा वाटत होती. दोघांपैकी कुणालाही हे समजावून सांगण्याइतकी अक्कल माझ्याकडे नव्हती. डेटाबेसवाला माणूस मी.

सईला त्या कामात तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा काकांना कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचा. उशिरा कळला. रिपोर्ट सगळ्यात आधी सईने वाचले आणि तिला ते आमच्यापेक्षा जास्त समजले. मेडिकलचा तेवढाच उपयोग झाला, असं ती नंतर म्हणाली. ती पुन्हा येऊ लागली. औषधांच्या वेळा, सूप, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, सगळं ती बघायची. दोघं एकमेकांशी अतिशय नीट वागत. कामाचा विषय मात्र दोघंही काढत नसत. काकू मला म्हणायच्या, "हे असेच गेले ना, तर ती पोर जन्मभर वाट बघत राहील."

एप्रिलमधला तो शुक्रवार आला. मी रजा घेऊन, भात आणि मुगाचं वरण घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते उशांना टेकून बसले होते, टीव्हीवर ड्राफ्ट सुरू झाला होता. सईचं काम त्या दिवशी जवळच होतं, हाविकला, म्हणून ती जेवायला आली होती. बाहेर डेकवर बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, जेवली आणि परत बांधायला लागली. आत तज्ज्ञांनी कुणाला तरी 'ए' दिला होता. काका चिडले नाहीत. ते टीव्हीकडे बघतच नव्हते. दारातून दिसणाऱ्या तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते.

"सई, मला तुझं काम बघायचंय."

"नाऊ? ड्राफ्ट चालू आहे ना, बाबा."

"असू दे," ते म्हणाले, आणि रिमोट घेऊन त्यांनी टीव्ही बंद केला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडी काढली.

रस्त्याच्या कडेला निलगिरीचं एक अवाढव्य झाड होतं. टोळीचा मुकादम एक धिप्पाड माओरी माणूस. "किया ओरा, अंकल," म्हणत त्याने रस्ता अडवायला मांडलेल्या केशरी शंकूंच्या बाहेर घडीची खुर्ची मांडली, काकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि पायांवर स्वतःचं जाकीट टाकलं. सई दोर जोडून वर गेली. बघता बघता पानांत दिसेनाशी झाली. मग करवतीचा आवाज आणि दोराला बांधून सावकाश खाली येणाऱ्या फांद्या. सुरुवातीला काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. मुकादम मात्र पाठ फिरवून फांद्या ओढत होता. काकांनी त्याला विचारलं, तू वर बघत नाहीस? तो म्हणाला, बाकीची पोरं वर असली की बघावं लागतं, ही असली की मी माझं काम करतो.

काकांनी मान हलवली. खुर्चीचे हात सोडले आणि मांडीवर हात ठेवून वर बघत राहिले.

सई उतरली तेव्हा केसांत, भुवयांत भुसा होता. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "थंडी वाजतेय का?"

"नाही. ऐक. मला झाडातलं काही कळत नाही. तू हे काम चांगलं करतेस की वाईट, ते हा तुझा साहेब बघेल. मी तुझ्यावर खूश आहे. होतोच. उद्या हे सोडून दुसरं काही धरलंस, तरी असेन."

सई मराठीत म्हणाली, "अजून पाच वर्षं कुठे झालीत, बाबा?"

"तेवढा वेळ नाही गं आता."

ती रडली. हातमोज्यांनी डोळे पुसायला गेली आणि भुसा डोळ्यांत गेला, तेव्हा दोघंही हसले. काकांना हेल्मेटचा पट्टा सुटेना, तो तिने सोडवला. मुकादमाने मोठ्या आवाजात सगळ्यांना चहाची सुट्टी जाहीर केली. मीही उगाच गाडीचे टायर बघून आलो. मला तिथे उभं राहवत नव्हतं.

जुलैमध्ये ते गेले. त्यांची मीटिंग रूम आता शुक्रवारी दुपारी कुणालाही मिळते.

त्या दिवशी परत येतानाचं सांगायचं राहिलं. मुकादमाने सईला लवकर सोडलं होतं. ती तिच्या यूटमधून, म्हणजे मागे उघडी असलेल्या छोट्या ट्रकमधून, आमच्या मागे निघाली, मागच्या हौद्यात फांद्या रचलेल्या. मी काकांना म्हटलं, फोनवर ड्राफ्ट लावू का, अजून चालू असेल. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग हात वर करून माझ्या समोरचा आरसा धरला आणि हळूहळू स्वतःकडे वळवला. त्यात त्यांना ती दिसत होती. प्रत्येक सिग्नलला ते पुढे वाकून बघायचे, आहे ना मागे, आणि परत टेकायचे. मी मागचं काहीही न दिसता, अंदाजाने, घरापर्यंत गाडी चालवली.