राणीच्या नावाखालचे आकडे

जगतापकाकूंच्या घरात खुर्च्या होत्या, पण पिल्लू घ्यायला आलेल्या माणसाला त्या मिळत नसत. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या ओट्यावर पाऊल टाकलं की पहिला हुकूम सुटायचा, "चपला काढा, घड्याळ काढा, खाली बसा." माझ्यादेखत सुटाबुटातले एक गृहस्थ कुरकुरले, तेव्हा काकू म्हणाल्या, "साहेब, तुम्ही उभे ऱ्हायले तर पिल्लाला नुसते बूट दिसतात. बुटासंग कोण जाईल?" गृहस्थ मुकाट्याने बसले. तासाभराने काकूंनी त्यांना पिल्लू न देताच वाटेला लावलं, कारण तेवढ्या वेळात त्यांनी चारदा फोन पाहिला होता.

त्या दिवशी मीही गिऱ्हाईक म्हणूनच फरशीवर बसले होते, पण मी गिऱ्हाईक नव्हते. मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाबरोबर हिंडते. हौस फिटल्यावर सोडून दिलेली, खरजेने सोललेली कुत्री उचलून आणता आणता, कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांविषयी माझ्या मनात इतका राग साठला होता की त्यांच्यातलं कुणी बरं असू शकेल हे ऐकायचीही माझी तयारी नव्हती. काकूंकडे सहा लॅब्रॅडोर माद्या आहेत आणि सरकारी नोंदणी नाही, असं कळलं होतं. म्हणून पर्समधल्या फोनचा कॅमेरा चालू ठेवून मी गेले होते.

अर्ध्या तासात काकूंनी मला ओळखलं. "पोरी, तुला पिल्लू नकोय. पिल्लं तुझ्या मांडीवर चढतात, आन तू माझ्या भिंती बघतीस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हाकललं मात्र नाही. आत जाऊन चहा आणला आणि शेजारी फतकल मारून बसल्या. साठी उलटलेली, निफाडकडची ठसठशीत बाई. नवरा सुभेदार होता, तो गेल्यावर त्याने पाळलेल्या एका मादीपासून हा उद्योग सुरू झालेला. गाऊनच्या खिशात सदानकदा थर्मामीटर. मला वाटलं, बाईंना अधूनमधून ताप येत असेल.

भिंती मी बघत होते हे खरं होतं. दाराजवळ खडूने 'राणी' असं लिहिलेलं आणि खाली ओळीने आकडे: १०१, १०१, १००, पुन्हा १०१. राणी म्हणजे कोपऱ्यातल्या गोणपाटावर पडलेली, पोट जमिनीला टेकलेली पिवळसर मादी. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. सातवं वर्ष, आणि विण्याची ही पाचवी खेप. घरी जाऊन मी तक्रार लिहिली आणि तिच्यात ठोकून दिलं की जन्माला न आलेल्या पिल्लांची आगाऊ बुकिंग घेतात, गिऱ्हाइकांचे क्रमांक भिंतीवर आहेत. मुलांच्या वहीत एक पायरी गाळली तरी मी लाल रेघ ओढते. इथे मी विचारलंसुद्धा नाही.

चारच दिवसांनी तपासणी निघाली. सरकारी डॉक्टर, एक हवालदार, आमची गाडी, आणि आमच्या गटाचा प्रमुख समीर. पिल्लं तोवर दिली गेली होती; कागद नाहीत म्हणून सगळ्या माद्या ताब्यात घेऊन प्राण्यांच्या निवाऱ्यात न्यायच्या ठरल्या. काकूंनी आरडाओरडा केला नाही. एकेकीला स्वतः पट्टा बांधून बाहेर आणलं. राणीपाशी आल्यावर मात्र त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पाच न्या. हिला आज हलवू नका. हिचं टेम्परेचर सकाळी उतरलंय. अठ्ठ्याण्णव. एक दिवसात पिल्लं व्हणार."

मी भिंतीकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत ताजा आकडा होता: ९८.

समीर म्हणाला, "काकू, नेताना सगळेच काहीतरी सांगतात. आणि भिंतीवरचे ते आकडे बुकिंगचे नंबर आहेत, आम्हाला माहिती आहे." सरकारी डॉक्टर ओट्यावर कागद भरत होते, त्यांनी मान वर केली नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. खिशातलं थर्मामीटर त्यांच्या हातात होतं. त्या खरं बोलताहेत हे मला त्या क्षणी कळलं, अगदी लख्ख कळलं. आणि मी चप्पल शोधत असल्यासारखी खाली पाहत राहिले.

राणीला गाडीत चढवलं. मागे तिच्याजवळ मी बसले, बाकीच्या पाचजणी जाळीपलीकडे होत्या. उन्हाने पत्रा तापला होता आणि द्वारका चौकात आम्ही असे अडकलो की पुढे ट्रक, मागे बस, हलायला जागा नाही. राणी धापा टाकायला लागली. आधी वाटलं, उकडतंय. मग ती चादर पायांनी ओरबाडू लागली, उठून गोल फिरली, पुन्हा पडली. गिऱ्हाईक बनून केलेल्या फोनमुळे काकूंचा नंबर माझ्याकडे होता. तो लावला.

"काकू, राणी कण्हतेय."

पलीकडून शांत आवाज. "कुठं हायेस? द्वारका? गाडी कडेला घ्यायला सांग. आता तिला धक्के देऊ नका. मी निघाले. आन तिच्याकडं टक लावून बघू नको, ती बुजते."

पहिलं पिल्लू मी बाहेर काढलं, म्हणजे काकूंनी फोनवरून काढवून घेतलं. ते निळसर होतं, हलत नव्हतं. "नाकातोंडातलं पूस. टॉवेलात धर, तोंड खाली ठेव, पाठ चोळ. जोरानं! गोंजारू नको, कपडे धुतल्यागत चोळ." मी चोळत राहिले. बाहेर हॉर्न, आत समीर पांढराफटक. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ते पिल्लू किंचाळलं आणि मी मोठ्याने रडले.

दुसरं आलंच नाही. राणी कळा देत होती आणि काही होत नव्हतं. "रिक्षात हाय, आलेच," एवढंच काकू सांगत होत्या. त्या आल्या, गाऊनवर ओढणी टाकून, ट्रकांमधून धावत. त्यांना पाहून राणीने शेपटी एकदा हलवली. तिथून जवळच राणीचा नेहमीचा दवाखाना होता; तिथे नेईपर्यंत आणि टेबलावर घेईपर्यंत उशीर झाला होता. राणी गेली. पोटातली चार पिल्लंही गेली.

तिथले डॉक्टर हात धुताना म्हणाले, "अशा दिवशी हलवायला नको होती." मग ते काकूंकडे वळले, "आणि मागच्या खेपेला मी सांगितलं होतं ना, आता पुन्हा नको म्हणून?" काकूंनी मान खाली घातली. आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो, टॉवेलातलं पिल्लू मध्ये.

दर दोन तासांनी दूध पाजावं लागणारं पिल्लू निवाऱ्यात जगलं नसतं. समीरनेच ते काकूंना नेऊन दिलं. त्यांच्यासमोर त्याने हात जोडले, हे मी पाहिलं आहे. बाकीच्या पाचजणींना घरं मिळाली. काकूंनी घरं पारखून दिली, प्रत्येकाला फरशीवर बसवून. पैदास त्यांनी बंद केली.

दोन महिन्यांनी मी गेले. न सांगता चपला काढल्या, घड्याळ काढलं, खाली बसले. ओटा रिकामा होता. भिंतीवर राणीचे आकडे तसेच होते. पिल्लू येऊन माझी बोटं हुंगू लागलं.

"मी दारात सांगत होते तवा तुला पटलं व्हतं ना?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग गप का बसलीस?"

"माझी तक्रार खोटी पडली असती."

मला वाटलं, आता त्या उठतील आणि मलाही वाटेला लावतील. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "डॉक्टर 'नको' म्हणले तवा मीबी गपच बसले. म्हणलं, ही शेवटची खेप. आधीच्या खेपेलाबी मी तेच म्हणले व्हते."

मग त्यांनी पिल्लू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिशातलं थर्मामीटर माझ्या हातात दिलं.

"घरी नेलं की रोज सकाळी बघायचं. आन आलेला आकडा काय सांगतो, ते मला फोन करून विचारायचं."

मी अजून रोज फोन करते.