शेवंती आणि अण्णांचं पाच पावणं

मासेवाला म्हणून माझी कोल्हापुरात पंचवीस वर्षं गेली. मासा जगला तर गिऱ्हाइकाचं कौतुक, मेला तर दुकानदाराच्या नावानं शिमगा. म्हणून मी गोड बोलायच्या भानगडीत पडत न्हाय. तोंडावर सांगतो, टाकी धुवायला सवड नसंल तर पावणं, मासा नेऊ नका, माशाचं कॅलेंडर न्या. माणसं रागावून जातात आणि आठ दिवसांनी गुमान परत येतात.

सोमशेखर अण्णा मात्र माझ्यावर कधी रागावले न्हाईत. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर, भर दुपारी, ते स्टीलचा तांब्या दोन्ही हातांत धरून दुकानात आले. तांब्यात खारं पाणी, पाण्यात सुपारीएवढा दगड आणि दगडावर तीन तपकिरी, काचेसारखी आरपार दिसणारी फुलं. फुलं कसली, बोटभर देठावर केसाळ तोंडं.

"बाळासो, हे काय उगवलंय बघ की. टाकीभर झालंय."

मी बघितलं आणि माझं डोस्कं गरम झालं. समुद्रफूल म्हणजे फुलासारखा दिसणारा जितका जीव, त्याचीच ती एक जात, पण शेतात तण असतं तशी. दगडाबरोबर एक येतं आणि वर्षभरात शंभर होतात. त्यांच्या केसांना डंख असतो. शेजारी जे काय जितं असंल त्याला डसत राहतात आणि जागा बळकावतात.

"कवापासनं हाय हे?"

"चार महिनं झालं असतील. बारकी फुलं हायती, राहू देत म्हटलं."

राहू देत म्हणे. ह्या माणसाचा सगळा घोळ ह्या दोन शब्दांत होता, पण ते मला तेव्हा कळलं न्हाय.

अण्णा मूळचे गडहिंग्लजचे, लिंगायत. उभी हयात शाहूपुरीच्या गूळ बाजारात तोलाई केली. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, हात लावून वजन सांगायचे आणि काटा त्यांच्या मागनं हो म्हणायचा. समुद्र त्यांनी बघितला असंल दोनदा. खाऱ्या पाण्याची टाकी त्यांच्या जावयाची. दोन हजार तीनमध्ये जावयाची बदली झाली मस्कतला, लेक शिवांजली त्याच्याबरोबर गेली आणि चार फुटांची ती टाकी सासऱ्याच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, येऊन बसली. त्यात दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आणि त्यांचं घर असलेलं एक मोठं समुद्रफूल होतं. ताटलीएवढं, पिवळट, टोकाला जांभळी झाक. शांतादेवी अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या मालकिणीनं, त्याचं नाव ठेवलं शेवंती.

आता ते घर पक्कं शाकाहारी. कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य. आणि शेवंतीला लागते कोळंबी. पहिले दोन आठवडे अक्कांनी तिला पोळीचा चुरा घालून बघितला, राजगिरा घालून बघितला. मग मलाच म्हणाल्या, "जी ज्याची भाकरी, ती त्याला." वेगळी सुरी, वेगळी ताटली, परसात वेगळा पाट. तिथं बसून, तोंडाला पदर लावून कोळंबी बारीक चिरायच्या, नंतर अंघोळ करून मगच चुलीकडं. रत्नागिरीहून खारं पाणी मासळीच्या टेम्पोतनं कॅनमध्ये यायचं. त्या ड्रायव्हरला त्यांनी कधी उपाशी पाठवला न्हाय. दासोह म्हणतात त्याला त्यांच्यात. दारात आला तो जेवूनच जाणार, मग तो कोण, कुठला हे विचारायचं न्हाय. दुपारी बाराला त्या घरात चारदोन परकी माणसं पाटावर असायचीच.

दोन हजार पाचच्या श्रावणात अक्का गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. आणि बाराची माणसं यायची बंद झाली. कोण येणार? अण्णांना भातसुद्धा धड जमत नव्हता. सोप्यात टाकीची मोटर घुंईऽऽ करत असायची आणि समोर खुर्चीवर अण्णा. मी महिन्यातनं एकदा पाणी बदलायला जायचो तेव्हा ते दिवसभरात पहिल्यांदा बोलत असावेत, कारण आवाज आधी खाकरून साफ करायला लागायचा.

आधीचे चार महिने पाणी बदलायला मी दुकानातला माणूस पाठवत होतो, म्हणून तण माझ्या नजरेत आलं नव्हतं. त्या तांब्याच्या दिवशी मी लगेच त्यांच्याबरोबर गेलो. दगड म्हणून दिसत नव्हता, सगळीकडं तपकिरी केस. शेवंती एका कोपऱ्यात मिटून लिंबाएवढी झालेली आणि दोन्ही मासे तिच्याभोवती घर हरवल्यासारखे फिरत होते.

"वाचंल न्हवं?" अण्णांनी विचारलं. "तिनं हातानं वाढवलेलं आता एवढंच राहिलंय, बाळासो. लुगडी लेकीनं नेली. तुळस माझ्या हातनं वाळली. ही गेली तर घरात मी एकटाच."

 वाचंल म्हटलं.

आधी आम्ही चिमट्यानं उपटायचा प्रयत्न केला. मोठी चूक. तुकडा पडंल तिथं नवीन उगवतं. आपल्या पोथीतला रक्तबीज राक्षस टाकीत येऊन बसला म्हणायचा. मग पानाचा चुना कालवून इंजेक्शनच्या सुईनं एकेकाच्या तोंडात सोडला. दहा मेली, वीस आली आणि पाणी एवढं बिघडलं की मासेच तळाला बसले. शेवटी मी म्हटलं, "अण्णा, औषधं बास. उसावर लोकरी माव्याची कीड आलती तेव्हा काय केलंतं?"

गडहिंग्लजला त्यांच्या भावाचा, बाळाप्पाचा, ऊस होता. अण्णांना सगळं ठाऊक होतं. "मित्रकिडी सोडलीती की. ती माव्यालाच खाती."

"मग इथंबी तेच करायचं. ह्या तणाला खाणारी कोळंबी असती. बोटाएवढी, अंगावर लाल रेघा. मुंबईतनं मागवतो. पण एक अट हाय. ती तण खाती ते भूक लागली तरच. दुसरं काय मिळालं तर तणाकडं बघत न्हाय. तीन आठवडं टाकीत कोळंबीचा कणसुद्धा टाकायचा न्हाय. माशांना चार दिवसांनी चिमूटभर, तेबी त्यांच्या तोंडापाशी. शेवंतीलाबी काय नको. जमंल?"

"जमंल की."

ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलच्या खोक्यात पाच कोळंब्या आल्या. अण्णांनी त्या दिवशी सोपा शेणानं सारवला. खोकं उघडलं तेव्हा हात जोडले. मला हसू आलं, पण हसलो न्हाय.

तीन आठवड्यांनी गेलो तर तण दुप्पट. मला वाटलं, मुंबईवाल्यानं फसवलं, भलतीच जात पाठवली. फोनवर त्याला दहा मिनिटं शिव्या घातल्या. तो बिचारा शपथा घेत होता. पुढच्या आठवड्यात मी न सांगता बाराच्या सुमाराला गेलो. दार लोटलेलं. अण्णा टाकीसमोर स्टुलावर, बाही कोपरापर्यंत वर, हात पाण्यात. तळहातावर चिरलेली कोळंबी आणि पाचीच्या पाची जणी हातावर बसून मजेत जेवतायत. एक तर मनगटापर्यंत चढलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अण्णा, मी एक मूर्ख आणि तुमी शंभर. मी मुंबईवाल्याचा बाप काढला फोनवर, आणि तुमी हिकडं पंगत घालताय?"

त्यांनी हात बाहेर काढला न्हाय. म्हणाले, "चार दिवस काढले बघ मी. पाचव्या दिवशी बाराला काचेपाशी येऊन उभारल्या, ओळीनं. पावणं दारात उभारलंय आणि मी भिताडाकडं बघत बसू? ह्या घरात?"

"त्या पावण्या न्हाईत. कामाला आणलंय त्यांला."

"व्हय, कामाला." म्हणाले, "पाय लई बारीक असत्यात बाळासो त्यांचं. हातावर चालल्या की गुदगुल्या व्हत्यात. ती गेल्यापासनं माझ्या हाताला कोण लागलंच न्हवतं."

 मी फटकळ खरा, पण दगड न्हाय. तरीसुद्धा शेवंतीकडं बघितलं तर ती सुपारीएवढी झालेली. मी कडक झालो. म्हटलं, "अण्णा, एक काय ते धरा. शेवंती, न्हाय तर ह्यांचं लाड. दोन्ही व्हायचं न्हाय."

त्यांनी हात पाण्यातनं काढून पुसला. मग म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत जमायचं न्हाय. मला कुठंतरी घालव."

मीच गडहिंग्लजच्या एसटीत बसवून दिलं. बाळाप्पाला फोन केला, बारा दिवस भावाला सोडू नको म्हणून. घराची किल्ली माझ्याकडं. रोज जाऊन पाणी बघायचो, ठरल्याप्रमाणं माशांना चिमूटभर घालायचो, बाकी काय न्हाय. बाराला कोळंब्या काचेपाशी यायच्या, खरंच ओळीनं. मी पाठ फिरवून निघून यायचो. सहाव्या दिवशी दगडावर फिरायला लागल्या. आठव्या दिवशी अर्धं तण साफ. दहाव्या दिवशी दगड धुतल्यासारखे झाले आणि शेवंती वाटीएवढी उमलून त्यात दोन्ही मासे लोळत होते. मी रिकाम्या सोप्यात एकटाच टाळी वाजवली.

बाराव्या दिवशी अण्णांना स्टँडवरनं घेऊन आलो. चप्पल न काढता ते टाकीपाशी गेले. शेवंतीला बघून डोळे भरले. काचेला हात लावून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, अक्कांशी असावं. मग वाकून दगडाखाली बघायला लागले. मोजायला लागले.

"तीनच हायती."

"असतील आत कुठंतरी."

"बाळासो."

मग मी खरं सांगितलं. कोळंबी मधनंमधनं कात टाकते. तेव्हा अंग मऊ असतं, पळता येत न्हाय. पोट भरलेलं असलं तर बाकीच्या तिच्या वाटेला जात न्हाईत. भुकेल्या असल्या तर खातात. दोघींची कात पाठोपाठ पडली. मला दोन दिवस अर्धंमुर्धं काय काय सापडलं, ते मी परसात टाकलं.

अण्णा खुर्चीवर बसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते साध्या आवाजात म्हणाले, "माझ्या घरात उपाशी माणसानं माणूस खाल्लं."

"माणूस न्हवं अण्णा, कोळंबी."

"पोट तेच की."

त्या दुपारी बाराला त्यांनी कोळंबी चिरली. तिघी आल्या, पण हातावर चढल्या न्हाईत. लांबनं तुकडा ओढून दगडाखाली पळाल्या. पुन्हा चढायला त्यांना दीड महिना लागला, आणि अण्णा दीड महिना रोज हात पाण्यात धरून बसायचे.

तुम्हाला कळलंच असंल पुढं काय झालं. दोन हजार सात साल उजाडलं, उन्हाळा आला आणि एका दगडाच्या बगलेत तपकिरी केस दिसले. मी बोललो. पंधरा दिवस कळ काढा म्हटलं, एक बार अजून करू. ह्या वेळी नवीन कोळंब्या आणतो, थोड्या जास्त. अण्णांनी मला मधेच तोडलं.

"तिची वस्तू राखायला तिची रीत मोडू व्हय?" ते म्हणाले. "एकदा मोडली. बास."

मी चिडलो. म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. दोन महिने तिकडं फिरकलो न्हाय, पाणी बदलायला दुकानातला माणूस पाठवला. आज वाटतं, दोन महिने त्या घरात कोण बोललं असंल? पण राग ही चीजच तशी. आपलं बरोबर असलं की तर विचारूच नका.

श्रावणात दुकानातल्या माणसानं सांगितलं, अण्णांची शेवंती गेली. मी शटर अर्धं ओढलं आणि तसाच गेलो. बारा वाजून गेलेले. टाकीत सगळीकडं तपकिरी केस डुलत होते. शेवंतीच्या जागी मोकळा दगड, आणि दोन्ही मासे त्याच दगडावर अंग घासत होते. अण्णांचा हात पाण्यात होता. तिघीजणी त्यावर बसून जेवत होत्या. मी आलेला कळला तरी त्यांनी मान वर केली न्हाय.

मी टाकीपाशी गेलो. म्हटलं, "दुसरी आणू या अण्णा. मुंबईत मिळती."

"नको." त्यांनी त्या तिघींचं होईपर्यंत वाट बघितली, मग हात बाहेर काढून पुसला. परसात जाऊन अंघोळ केली. स्वयंपाकघरातनं भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात दोन ताटं होती. एका बाजूला करपलेली भाकरी, पाणचट आमटी, शेंगाची चटणी.

"बस," म्हणाले. "दोन वर्षांत दारात आलेला एक माणूस मी जेवू घातला न्हाय, बाळासो. आल्यालं माणूस काम करतंय आणि जातंय. ह्या तिघी तेवढ्या बसत्यात."

मी दुकानातच डबा खाऊन, पोटभर जेवून आलतो. पाट ओढला आणि बसलो.