तुळजाबाईच्या बैलांचा मान

खैरेवाडीत तुळजाबाईशी दोन शब्द बोलायचे, तर चार शिव्या आधीच धरून चालायच्या. पोस्टमन फाटकातूनच हाक मारतो आणि कागद कठड्यावर ठेवून सटकतो. ‘म्हातारी मनाने वाईट नाही हो,’ असं सांगणारेही भेटतात. पण ते सगळे तिच्यापासून लांब राहायला गेलेले असतात.

खैरेवाडी हडपसरच्या पलीकडची. शहराने ती कधी गिळली हे तिलाही कळलं नाही. शेतांवर टॉवर उभे राहिले आणि गोठ्यांच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या आल्या. तुळजाबाईनेही खोल्या काढल्या, पण गोठा मोडू दिला नाही. हौशा आणि पाखऱ्या ही नवऱ्याने वासरं असताना आणलेली जोडी. गावातली ती शेवटची. नांगरायला वावरच उरलं नाही, तेव्हा जोडीला वर्षाचं काम एकच होतं, पोळ्याचं तोरण तोडायचं. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, मानाच्या घरची जोडी ते तोडून आत जाते आणि मगच आसपासच्या वाड्यांचे चार-दोन बैल तिच्यामागून शिरतात. हा मान तुळजाबाईच्या सासरचा. जमिनीपायी भाऊबंद कोर्टात गेले, एकमेकांची तोंडं बघेनासे झाले, पण या मानावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. बाकी सगळं गेलं तरी एवढं आपलं आहे, या भरवशावर म्हातारी ताठ चालत होती.

आणि त्याच मानावर यंदा तिचा पुतण्या पृथ्वीराज उठला. त्याला नगरसेवक व्हायची घाई झाली होती. चौकात फ्लेक्स लागला, ‘भव्य पोळा महोत्सव! शहरातच गाव अनुभवा!’ खराडीच्या कंपन्यांतून माणसं बसने येणार, फेटे बांधून घेणार, पुरणपोळी खाऊन फोटो काढणार. तारीख होती श्रावणातल्या अमावास्येची. कॅलेंडरात पोळा तेव्हाच असतो आणि विदर्भातही तेव्हाच करतात. पण खैरेवाडीचा पोळा पूर्वापार महिनाभराने, भाद्रपदातल्या अमावास्येला. पृथ्वीराज बैल मागायला आला तेव्हा म्हातारी गोठ्याच्या दारातच उभी राहिली. बस म्हणाली नाही.

“काकी, सर्वपित्रीला पोळा ठेवला तर कोण येईल? पितृपक्षात लोक इव्हेंटला बाहेर पडत न्हाईत.”

“म्हणून पोळा तुझ्या सोयीनं सरकवायचा? उद्या बापाचं श्राद्धबी रविवार बघून घालशील.”

“तिकडं विदर्भात श्रावणातच असतोय की. तुमच्याच खोलीतल्या नागोरावला विचारा. त्यांच्या गावात जत्रा लोटती म्हणं.”

“मग जा तिकडंच निवडून ये.”

पृथ्वीराजचा चेहरा उतरला. “बैल द्या, एवढंच म्हणतोय. न्हाई दिले तर भाड्यानं आणीन.”

“आण की. माझ्या जोडीबिगर तोरण कसं तुटतंय, ते बघते मी.”

तिचा हिशेब सरळ होता. संपतबापू आणि पारावरची जुनी माणसं भाड्याच्या बैलांना वेशीत पाऊल टाकू देणार नाहीत. खोळंबा होईल, पाहुण्यांदेखत पृथ्वीराजचं नाक कापलं जाईल आणि तो स्वतः येऊन पाया पडेल. मग काय करायचं ते ती ठरवणार होती.

तोवर राग काढायला नागोराव होताच. हा यवतमाळकडचा, हडपसरच्या कारखान्यात कामाला, बायको कौशल्या आणि तो असे दोघेच. संध्याकाळी कामावरून आला की हौशाची मान खाजवत गोठ्यात बसायचा. गावाकडचे बैल बापाने विकले होते, तेव्हापासून त्याला पोळ्याला घरी जाववत नव्हतं. तुळजाबाईने त्याला भर अंगणात धरलं. “माझ्या गोठ्यात बसतोस आन् माझ्याच मुळावर येतोस? सर्वपित्रीपर्यंत खोली खाली कर.” तो समजावायला गेला, तोवर तिने पाठ फिरवली होती.

श्रावणातल्या अमावास्येला दुपारपासूनच डीजे सुरू झाला. तुळजाबाई गोठ्याला आतून कडी घालून बसली. पत्रे थरथरत होते, पाखऱ्या दावं ओढत होता. तिचे कान वेशीकडे लागले होते. आणि दिवस कलायला लागला तसा डीजे बंद पडला. चांगला बराच वेळ बंद राहिला. म्हातारीला एवढा आनंद झाला, की तिने पाखऱ्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. अडलं म्हणायचं घोडं! आता येईल लेकाचा हात जोडत.

दारावर थाप पडली. पण आला होता नागोराव, धापा टाकत.

“माय, आइका ना जरासं, मले तिकडून...”

“तू? तुझं तोंड बघायचं न्हाई मला!” तिने कडी काढली ती शेणाची पाटी त्याच्या अंगावर भिरकावण्यापुरतीच. तरी तो थांबला, पुन्हा बोलायला गेला. तिने त्याच्या आईबापांचा असा उद्धार केला, की शेजारच्या खोलीतल्या बाईने खिडकी लावून घेतली. तो शर्ट झटकत निघून गेला. थोड्या वेळाने डीजे पुन्हा दणाणला, फटाके फुटले. तोरण तुटलं होतं.

पुढचा महिना तिने गावाला शिव्या मोजल्या. एका गुलाबी फेट्यासाठी म्हातारे विकले गेले, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं.

भाद्रपदातली अमावास्या आली. तिने बैलांना धुतलं, शिंगं रंगवली, नव्या वेसणी घातल्या आणि दोन्ही कासरे धरून वेशीवर गेली. तोरण नव्हतंच. ती वेशीच्या मधोमध उभी राहिली. “तोरण बांधा, मगच हलेन,” म्हणून ओरडली. दोन्ही बाजूंनी दुचाक्या तुंबल्या, हॉर्न वाजायला लागले.

“आजी, पोळा झाला ना मागच्या महिन्यात?” एक पोरगी मोबाइल धरून म्हणाली. “प्लीज इकडे बघा ना.”

तिला हाणायला तुळजाबाईने हात उगारला. तेवढ्यात काठी टेकत संपतबापू आले.

“आता कशाला आलीस, वैनी? त्या दिशी का न्हाई आलीस?”

“तू बोलू नकोस. फेट्यावर इमान विकलंस!”

“इमान?” बापूंचा आवाज चढला. “गाणं बंद पाडून वेशीत आडवे बसलो होतो आम्ही म्हातारे! तारीख कंचीबी असू दे, तोरण वैनीचीच जोडी तोडल, म्हणून. पृथ्वीराजनंबी मान खाली घातली. तुला बोलवायला माणूस धाडला. तुझ्या तोंडी लागायला गावचं कुणी तयार होईना, म्हणून ह्यो बिचारा म्हणाला, मी जातो. त्यो शेणानं माखून माघारी आला, मग आम्हीबी वाट सोडली.”

बापूंनी काठीने दाखवलं. तुंबलेल्या गाड्यांत एक टेम्पो उभा होता. मागे कॉट, पंखा, डबे, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली कौशल्या. ऐन सर्वपित्रीला कुणी घर हलवत नाही; पण म्हातारीने दिलेली मुदत आजच संपत होती. नागोराव खाली उतरला. आधी दोन्ही बैलांच्या पायांना हात लावून त्याने कपाळाला लावला.

“का न्हाई सांगितलंस मला?” तुळजाबाईने विचारलं.

“तुमी सांगू देलं कुठं, माय?”

तो रागावलासुद्धा नव्हता. तिने मान वर केली. ज्या मानासाठी ती गावाशी भांडली, तो गावाने तिच्यासाठी राखून ठेवला होता, दारापर्यंत आणून दिला होता. त्यावर शेण तिने स्वतःच्या हाताने फेकलं होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला.

थांब म्हणावं, खोली तुझीच आहे म्हणावं, असं तिला आतून वाटलं. त्यासाठी तिने तोंड उघडलंही.

“बघतोस काय? जा की,” ती खेकसली, आणि हौशाचा कासरा ओढून टेम्पोला वाट करून दिली.