गोंदियाच्या पुढचा प्रवास

लांबच्या गाडीत बसलं की मला सगळ्यात आधी एक गोष्ट आवडते. तिथे कापसाचा भाव कोणी विचारत नाही. ज्या वर्षांबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षांत दारव्ह्यात दुसरा विषयच नव्हता. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, मयतीला बसायला गेलं तरी माणसं फिरून भावावरच यायची. आता मी इतके प्रवास केले आहेत की नातेवाईक कुठे निघाले की कोणती गाडी धरायची ते मला विचारतात, आणि मीही तोऱ्यात सांगते. पण पहिला लांबचा प्रवास घडला तो पन्नाशीच्या तोंडावर, आणि तोही कापसामुळेच.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. ती माझ्या हातून मोडली. त्या हंगामात भाव पडला होता. आज ना उद्या चढेल म्हणून आम्ही कापूस विकला नाही, आणि बाळंतिणीसाठी ठरवलेली मधली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरून गेली. साठवलेल्या कापसाजवळ नुसतं उभं राहिलं तरी अंगाला खाज सुटते. तिथे तान्ह्या लेकराला कुठे निजवणार? लेक खरगपूरला, जावयाच्या नोकरीच्या गावी. तिला सासू नव्हती, शेजार नवा होता. फोनवर ती म्हणाली की तू आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. मी येते म्हणून सांगून टाकलं. तिचे दिवस भरत आले होते.

आमचे हे सोबत निघाले. दारव्ह्याहून मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी आणि तिथून हावड्याकडे जाणारी मोठी गाडी. छोट्या गाडीवर यांचा फार जीव. शेतातून कोणी हात दाखवला की ती थांबायची, फाटक उघडायला गाडीवरचाच माणूस खाली उतरायचा, आणि स्टेशनात चहा पिणाऱ्यांचे ग्लास रिकामे झाल्याशिवाय ती हलायची नाही. त्यामुळे रेल्वेतलं आपल्याला सगळं कळतं, असं यांचं ठाम मत. मोठ्या गाडीत बसल्यापासून मला सूचना सुरू झाल्या. खिडकीबाहेर हात काढू नको, कोणाशी बोलू नको, कोणी दिलेलं खाऊ नको, पिशवी मांडीवरून हलवू नको. तिकिटं त्याच पिशवीत होती, कारण यांचे खिसे तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्यांनी भरलेले. मी पिशवी पोटाशी धरून आकसून बसले. वर्धा कधी गेलं, नागपूर कधी गेलं, मला कळलंही नाही.

गोंदियाला हे पाणी भरायला उतरले. पाणी भरलं, आणि मग भज्यांच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात आमची गाडी हलली. मी खिडकीतून हाका मारल्या. यांनी वळून पाहिलं, आणि धावायचं सोडून गाडीला सावकाश हात दाखवला. थांब जरा, आलोच, असा. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की आता थांबेल. एका हातात भज्यांचा पुडा आणि दुसरा हात वर, असा माझा नवरा मागे मागे जात दिसेनासा झाला.

डब्यात गलका झाला. साखळीपर्यंत कोणाचा हात पोचेतो गाडीने गाव सोडलं होतं. टीसी आला. डोंगरगडला उतरून फलाटावर बसा, तुमचा माणूस मागच्या गाडीने येईल, असं त्याने समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं की मग मी खरगपूरला कधी पोचणार? तो म्हणाला, परवावर जाईल. तेव्हा मी माझ्या हिंदीत त्याला सांगितलं, "वो आते पीछे से. लडकी अकेली है."

डोंगरगड आलं. गाडी चांगली थांबली, दार माझ्यापासून चार हातांवर होतं. मी मांडीवरची पिशवी काढून बाजूला ठेवली आणि बसून राहिले.

त्यानंतर जो प्रवास झाला, तसा पुन्हा झाला नाही. यांची जागा रिकामीच होती, तिच्यावर मी पाय लांब केले. समोरच्या छत्तीसगडच्या बाईला भाकरी आणि ठेचा दिला, तिने मला बेसनाची कुरकुरीत ठेठरी दिली. तिची बोली मला अर्धीमुर्धी कळत होती, तरी दोघींच्या सुनांचा यथास्थित समाचार घेऊन झाला. बाहेर नद्या, तळी, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. कुठे कापसाचं एक झाड नाही की फवारणीचा वास नाही. एवढी जमीन कापसावाचून सुखाने जगते, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मला फार बरं वाटलं. नवरा फलाटावर राहिलेल्या बाईला इतकं बरं वाटावं का, हा विचार आला, तोही मी बिलासपूरच्या चहाबरोबर पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी खरगपूरला जावई माझ्या मागे बराच वेळ पाहत राहिले. संध्याकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. माझा हात तिने असा धरला की बांगड्या मनगटात रुतल्या. उजाडताना नात झाली.

हे दुपारी आले. डोळे तांबारलेले, कपड्यांचा चोळामोळा. आल्या आल्या माझ्यावर बरसले. "मी हरेक टेशनावर उतरून तुले पाहून राह्यलो. तू उतरली काहून नाही?"

मी नात त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्या मुठी उघडून पाहिल्या, पुन्हा मिटल्या. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "एकटीले भेव नाही लागलं तुले?"

"लागलं ना," मी म्हणाले. "गोंदियापर्यंत."