राउटरच्या भोकातला तांदूळ

दूध केंद्रातल्या त्या राउटरला मी जितक्या शिव्या दिल्या, तितक्या सासरच्या कुणालाही दिलेल्या नाहीत, आणि सासरी मी काही मुकी नव्हते.

मी बारामतीच्या ऑफिसात नेटवर्कचं काम बघायची. निमगाव केतकीच्या अलीकडे आमचं एक दूध शीतकरण केंद्र होतं. दसरा होऊन चारच दिवस झाले होते. दुपारी तिथली लाइट गेली, आली, पण नेट काही येईना. संध्याकाळचं दूध पाचला यायला लागतं. फॅट किती लागली याचा मेसेज मोबाईलवर आला नाही, की माणसं कॅन तिथंच ठेवून भांडायला उभी राहतात.

मी स्कूटीवरून पोचले तेव्हा खटल्याचा निकाल लागून गेला होता. केंद्राच्या साहेबांनी आरोपी ठरवला होता, शिपाई मामा. कंत्राटावरचा माणूस, साठीला टेकलेला. सकाळी खोली त्यांनी पुसली होती, म्हणजे राउटरवर पाणी त्यांनीच उडवलं.

"उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त रिपोर्टात लिहा, पाणी गेलं म्हणून."

मामा दारात उभे होते. "फडकं लांबनंच फिरवलं, म्याडम. त्येला हात बी लावला न्हाय."

आधी बघते, मग लिहिते, म्हणून मी बसले. नेट बंद पडलं की राउटरशी बोलायचा एकच मार्ग उरतो. लॅपटॉपची केबल त्याच्या कन्सोल नावाच्या भोकात घालायची, मग आपल्याला काय होतंय ते तो स्क्रीनवर लिहून सांगतो. मी केबल घातली. स्क्रीन काळी. केबल बदलली. काळी. लॅपटॉपवर केबलचा ड्रायव्हर नव्यानं टाकला, जोडणीचा वेग बदलून पाहिला, राउटर बंद करून चालू केला. काळीकुट्ट. "पुण्याचा माणूस बोलवू का?" असं साहेब मागून दर पाच मिनिटांनी विचारत होते, आणि त्यांच्या डोक्यात लॅपटॉप घालावा असं मला दर पाच मिनिटांनी वाटत होतं.

शेवटी लक्षात आलं, केबल टक् करून बसतच नाहीये. मोबाईलचा टॉर्च लावून डोकावले. आत तांदळाचा दाणा, कुंकू लागलेला. खंडेनवमीला मामांनी केंद्रातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. कूलर, फॅट मशीन, जनरेटर, आणि नेटचा डबा. अक्षता सढळ हातानं टाकल्या होत्या. या देवाचं तोंड कुठं, ते मामांना कोण सांगणार?

मी केसातली पिन काढून दाणा उकरला. साहेबांना घबाडच मिळालं. "बघा! पाणी नाही तर तांदूळ. पण माणूस तोच!"

केबल बसली, स्क्रीनवर अक्षरं आली. राउटर विचारत होता, पहिल्यापासून जुळणी करायची का? म्हणजे कालच खोक्यातून काढल्यासारखा कोरा. मला एकदम आठवलं. महिन्यापूर्वी त्याचा पासवर्ड हरवला होता, तो मीच बदलून दिला होता. त्यासाठी राउटरला सांगावं लागतं, बाबा, चालू होताना तुझ्या जुन्या सेटिंग वाचू नकोस. काम झालं की ती आज्ञा मागं घ्यायची असते. मी घेतली नव्हती. इन्व्हर्टरच्या कृपेनं तो तेव्हापासून बंदच पडला नव्हता. त्या दुपारी इन्व्हर्टरनं मान टाकली, आणि राउटर उठला तो माझी आज्ञा शिरोधार्य मानून.

सेटिंग आत सुखरूप होत्या. त्या परत उचलल्या, आज्ञा मागं घेतली, दहा मिनिटांत नेट आलं. पाचचं दूध यायला लागलं, मेसेज जायला लागले.

कन्सोलच्या भोकातल्या तांदळानं नेट बंद पडत नाही, हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं. मी ते लगेच सांगून टाकलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी आधी चहा प्यायले, मामांनीच केलेला. दाणा तर सगळ्यांनी पाहिलाय, मी कुठं खोटं बोलले, अशी स्वतःची समजूत घालत होते. समोर मामा आपला डबा आणि टॉवेल पिशवीत भरत होते. मला माझीच लाज वाटली.

"साहेब, पाणी नाही आणि तांदूळही नाही. चूक माझी आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. त्यांना अर्धं कळलं, पण तेवढं बारामतीला कळवायला पुरेसं होतं. ते फोन घेऊन बाहेर गेले.

मामांनी पिशवी खाली ठेवली. आता मला चार शब्द सुनावतील असं वाटलं. ते राउटरकडं बघत होते.

"म्हंजी माझ्या पूजेनं न्हाय बिघडलं?"

"नाही, मामा."

"दाणा निघाला तवाच मी म्हनलं, सायेब बरूबर बोलत्यात. आपल्याच हातनं झालं."

मी चहा पीत बसले होते तेवढ्या वेळात त्या माणसानं माझा गुन्हा मनातल्या मनात कबूलही करून टाकला होता.